विशारदनंतर स्वतःचं गाणं: चाल बांधण्यापासून मंचापर्यंत

प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या शास्त्रीय संगीताच्या सात परीक्षा होतात. त्या सातही देऊन झाल्यावर माझ्याकडे रागांच्या चार वह्या होत्या, मिरजेचा तानपुरा होता आणि रोज पहाटे उठायची सवय होती. पण घरच्या कार्यात कुणी "एक छानसं गाणं म्हण" म्हणालं की पाच मिनिटांत काय म्हणावं ते सुचायचं नाही. स्वतःचं गाणं बांधणं तर फार लांबची गोष्ट. पुढची काही वर्षं हे सगळं मी शोधत, चुकत शिकले. शास्त्रीय तालीम झालेल्या, पण आता मंचावर भावगीत, अभंग, गझल गायची आणि स्वतःच्या चाली बांधायची इच्छा असलेल्या कुणालाही उपयोगी पडेल म्हणून ते क्रमाने लिहिते आहे.

आधी शब्द

तुमच्याकडे सूर आहे, लयीची जाण आहे, उपज (गाता गाता नवं सुचणं) आहे. हे भांडवल फार मोठं आहे. कमी असतो तो शब्द. ख्यालात, म्हणजे रागाच्या सविस्तर गायनात, बंदिशीच्या (रागात बांधलेल्या रचनेच्या) दोन ओळी आपण पाऊण तास गातो, त्याही बहुतेक ब्रज भाषेत. शब्द तिथे सुराला टेकू देतो. भावगीतात ओळ एकदा, फार तर दोनदा येते, आणि तेवढ्यात ती ऐकणाऱ्यापर्यंत पोचली नाही तर गाणं गेलं. म्हणून पहिले दोन महिने चालीला हात न लावता हे करा.

एक मराठी कविता घ्या. तीन दिवस ती फक्त मोठ्याने वाचा, कुणाला तरी सांगतो आहोत अशी. कुठे थांबता, कुठे श्वास घेता त्या जागी पेन्सिलीने खुणा करा. चौथ्या दिवशी तानपुरा लावून सगळी कविता एकट्या षड्जावर (सा) म्हणा, बोलण्याच्याच लयीत. सूर हलू द्यायचा नाही. मग फोनवर रेकॉर्ड करून ज्याला ती कविता माहीत नाही अशा माणसाला ऐकवा आणि ऐकू आलेले शब्द लिहून काढायला सांगा. माझ्या भाच्याने पहिल्या वेळी बारा ओळींतल्या चार चुकीच्या लिहिल्या होत्या. त्या चारही ओळींत मी शब्दाच्या मध्ये श्वास घेतला होता किंवा शेवटचं अक्षर आकारात ओढलं होतं.

उच्चारांकडे वेगळं लक्ष द्या, कारण वर्षानुवर्षं ब्रज बंदिशी म्हणून आपली जीभ तिकडे वळलेली असते. 'चांदणं'मधला च आणि 'चंद्र'मधला च एक नाही. 'माझा' आणि 'माझी' यांतला झ वेगळा लागतो. बंदिशीत कधी न येणारा ळ मराठीत पावलोपावली येतो, आणि तो सुरावर ठेवताना जीभ मागे वळली की आवाज कोंडतो. 'डोळा', 'कळी', 'सावळा' हे शब्द मध्य सप्तकाच्या प्रत्येक स्वरावर म्हणून बघा. पंधरवड्यात फरक कळतो.

तान बाजूला ठेवायची

पहिले सहा महिने सुगम गाण्यात एकही तान (जलद स्वरांची माळ) घ्यायची नाही असा मी नेम केला होता, आणि तो नेम मी प्रत्येकाला सांगते. मुरकी, हरकत अशी छोटी वळणं घ्यायचीच तर दोन शब्दांमधल्या जागेत. शब्दाच्या पोटात नाही. सुरुवातीला फार कोरडं वाटतं. पण मग लक्षात येतं की सरळ लावलेला गंधारही गळ्याची परीक्षा बघतो. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), कण (शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श), आवाजाचा लहान-मोठेपणा यांनी केवढं काम होतं ते तान बंद केल्याशिवाय समजत नाही.

याचा अर्थ रियाज सोडायचा असा नाही. सकाळचा खर्ज (खालच्या सुरांचा रियाज) अर्धा तास आणि एक राग किमान पाऊण तास, हे ठेवाच. गाण्यांचा सराव संध्याकाळी. ज्यांनी कार्यक्रम वाढल्यावर रागाचा रियाज थांबवला, त्यांच्या गाण्यातली ताकद दोन-तीन वर्षांत ओसरलेली मी जवळून पाहिली आहे.

एक गोष्ट मात्र नव्याने शिकावी लागते: मेट्रोनोमबरोबर, म्हणजे ठरलेल्या लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्राबरोबर, गाणं. विलंबित (संथ) लय तबलजीबरोबर श्वास घेते, थोडी मागेपुढे होते. स्टुडिओतला क्लिक तसूभर हलत नाही. केरव्याच्या आठ मात्रा आणि दादऱ्याच्या सहा मात्रा क्लिकवर धरून रोज दहा मिनिटं गा. आधी मिनिटाला 80 मात्रांच्या लयीत, मग 70 वर उतरा. हळू लय जास्त अवघड जाते.

ऐकणं आणि उतरवून काढणं

शास्त्रीय बैठकीतून आलेल्या माणसाने चाली कशा बांधाव्यात याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे पंडित जितेंद्र अभिषेकी. गोव्यातल्या मंगेशीचे अभिषेकीबुवा ख्यालगायक होते, आणि 'मत्स्यगंधा' (1964) व 'कट्यार काळजात घुसली' (1967) या नाटकांचं संगीत त्यांचं. त्यांच्या पदांत राग पूर्ण आहे, पण पद आटोपशीर आहे. दुसरं उदाहरण गीतरामायणाचं. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे 56 गाणी सुधीर फडके यांनी चाल लावून सादर केली. एवढ्या प्रसंगांना एवढ्या चाली, आणि प्रत्येकीत शब्द स्वच्छ.

नुसतं ऐकून भागत नाही. महिन्याला दोन गाणी भातखंडे पद्धतीने स्वरलिपीत (स्वर-तालाच्या लेखी खुणांत) उतरवा. उतरवताना तीन प्रश्न विचारा: सम (तालाची पहिली मात्रा) कोणत्या शब्दावर आहे? ध्रुवपद (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) कोणत्या स्वरावर संपतं? अंतरा (पुढचं कडवं) वर कधी जातो, आणि कोणत्या शब्दासाठी? मी अशी सुमारे चाळीस गाणी उतरवली. चाल बांधायचं शिक्षण मला त्या वहीने दिलं.

पहिली चाल

आता खरं काम. पहिली रचना अभंगाच्या छंदात करा असं मी आग्रहाने सांगते. मोठ्या अभंगाचं माप ठरलेलं आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. माप ठरलेलं असलं की मन चालीकडे मोकळं राहतं. शिवाय हा छंद आपल्या कानात लहानपणापासून आहे. मी पहिल्यांदा लिहिलेल्या चार चरणांवरच सांगते:

आईच्या हाताचा
हळदीचा वास
अजून घरास
येतो आहे

अक्षरं मोजून बघा, बावीस भरतात. पण मोजताना 'वास'मधला स पूर्ण अक्षर आहे आणि बोलताना तो अर्धाच उरतो. 'अजून'मधला न सुद्धा तसाच. गाताना हे ठरवावं लागतं. 'वासा' किंवा 'अजूना' असं ऐकू आलं की ओळ बिघडली. म्हणून लांबवायचं ते 'वा' आणि 'जू', शेवटचं व्यंजन हलकेच मिटायचं.

भजनी ठेका धरला, आठ मात्रा. राग भीमपलास. पहिल्या खर्ड्यात मी सम 'हाताचा'मधल्या हा वर ठेवली होती, कारण तिथे निषादावरून षड्जावर येणारी मींड फार सुंदर लागत होती. आमच्या बाईंना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "मींड छान आहे गं. पण गाणं हाताचं आहे का?" मी गप्प बसले. गाणं हाताचं नव्हतंच. आई नाही आणि वास अजून आहे, हे सांगायचं होतं. म्हणजे सगळं ओझं 'अजून'वर.

दुसऱ्या खर्ड्यात 'आईच्या हाताचा' मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषाद आणि षड्जात ठेवलं, बोलल्यासारखं. 'हळदीचा वास' षड्जावरून कोमल गंधार, मध्यम असं चढलं. 'अजून'चा जू पंचमावर आला, समेवर, आणि तिथे दोन मात्रा थांबला. 'घरास' मध्यमावरून गंधारावर उतरलं. राहिलं 'येतो आहे'. ते रिषभावरून षड्जावर आणून संपवलं तर रागाच्या चलनाप्रमाणे बरोबर होतं, पण ऐकताना वाटायचं की गोष्ट संपली. वास तर संपलेला नाही. मग षड्जावर न थांबता ते मंद्र निषादावर सोडलं. त्याच निषादावरून पहिली ओळ सुरू होते, त्यामुळे ध्रुवपद आपसूक पुन्हा सुरू व्हायला लागलं. ही जागा मला तिसऱ्या आठवड्यात सापडली. एका ओळीला तीन आठवडे लागले तर लागू द्या.

यातून कामाचा क्रम असा बसला, आणि आजही तोच आहे. आधी शब्द वाचून ओझं कोणत्या शब्दावर आहे ते ठरवणं. मग ठेका. मग त्या शब्दासाठी स्वर, आणि समेशी त्याचं नातं. बाकीची ओळ त्याभोवती. राग सगळ्यांत शेवटी पक्का होतो. "आज यमनमध्ये गाणं बांधू" असं म्हणून बसलं की आपण यमनची बंदिश बांधतो. शब्द त्यात कोंबले जातात.

राग सोडायला घाबरू नका, पण कारणाशिवायही सोडू नका. एका गाण्यात रागात न चालणारा (वर्ज्य किंवा विवादी) एकच स्वर, तोही अर्थाने मागितला तर. अंतरा मात्र ध्रुवपदापेक्षा वेगळ्या जागी सुरू झाला पाहिजे. ध्रुवपद मंद्रात असेल तर अंतऱ्याने मध्यम-पंचमाच्या वर जायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला गाणं जागचं हलल्यासारखं वाटत नाही.

पट्टीचंही, म्हणजे सा कोणत्या सुरावर धरायचा याचंही, बघा. ख्याल मी पेटीच्या काळी चारमध्ये गाते म्हणून सगळी गाणी त्याच पट्टीत गायची असं नाही. मुखडा मंद्र पंचमापर्यंत उतरत असेल तर गाणं एखाद्या सुराने वर न्या; अंतरा तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारावर शब्दांनी भरलेला असेल तर खाली आणा. तार सप्तकात आकार सुंदर लागतो, 'क्ष', 'ठ', 'ळ' असलेले शब्द मात्र तिथे स्पष्ट उमटत नाहीत.

दुसऱ्याची कविता घ्यायची तर

स्वतः लिहायलाच हवं असं नाही. चांगल्या कवितेला चाल लावणं हे पूर्ण काम आहे. पण हक्क बघून. भारतात कवितेवरचा हक्क कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. संतांच्या रचना मोकळ्या आहेत. केशवसुत (1905), बालकवी (1918), भा. रा. तांबे (1941) यांना जाऊन 60 वर्षांहून कितीतरी अधिक काळ लोटला आहे. मर्ढेकर 1956 मध्ये गेले, त्यांची मुदतही संपली. उलट गदिमा 1977 मध्ये आणि कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, त्यांच्या कवितेला चाल लावून प्रसिद्ध करायची तर वारसांची किंवा हक्कधारकांची लेखी परवानगी हवी. हयात कवींना तर विचाराच. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, आणि चाल ऐकून एखादा शब्दही बदलून देतात.

गुरूंकडून मिळालेली बंदिश गाण्यात वापरायची असेल तर त्यांना आधी सांगा. कायद्यात ती कुठे बसते हा नंतरचा प्रश्न.

साथीदार आणि कीबोर्ड

तबला-पेटीवर वाढलेल्या आपल्याला कीबोर्ड-गिटारवाल्याशी कोणत्या भाषेत बोलायचं ते कळत नाही. त्याला पट्टी सांगा, आणि कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) सरगममध्ये विचारा. भीमपलासात सा-कोमल ग-प, म-ध-सा आणि कोमल नि-रे-म या तीन कॉर्डवर बरंचसं गाणं उभं राहतं. यमनात सा-ग-प बरोबर रे-तीव्र म-ध वाजवली की यमनचा रंग लगेच येतो. पण एक गोष्ट त्याला समजावून सांगावी लागते: भीमपलासच्या आरोहात रे आणि ध नाहीत. कॉर्डमध्ये ते चालतात, पण दोन अंतऱ्यांमधल्या म्युझिकच्या तुकड्यात वर जाताना त्याने सरळ सा-रे-ग-म-प-ध वाजवलं की राग हातातून जातो. तालमीत हे दोनदा गाऊन दाखवा. चांगल्या वादकाला लगेच उमजतं, आणि पुढच्या वेळी तोच तुम्हाला नवीन काहीतरी सुचवतो.

मंचावरच्या कार्यक्रमाआधी किमान दोन पूर्ण तालमी. प्रत्येक गाण्याचं पान वेगळं: शब्द, पट्टी, ताल, लय, म्युझिकच्या मात्रा, शेवट कसा.

माइक

बैठकीत आवाज फेकायची सवय असते. माइकला फेक नको. मंचावरच्या साध्या हातातल्या माइकपासून चार बोटं अंतर ठेवा, तार सप्तकात एक वीत मागे या. फार जवळ गेलं की खर्ज फुगतो, 'प' आणि 'भ' फुटतात. माइक तोंडासमोर सरळ न धरता किंचित तिरका धरला तर हे कमी होतं. घरी एक स्वस्त माइक आणि लहान स्पीकर घेऊन महिनाभर रोज वीस मिनिटं गा.

एका दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात मला मॉनिटरमधून (गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) तानपुरा ऐकूच येत नव्हता. थंडीत बासरी उतरली होती, कीबोर्ड आपल्या जागी होता, आणि दोघांच्या मध्ये मी पहिली तीन गाणी चढी गायले. रेकॉर्डिंग ऐकताना रडू आलं. तेव्हापासून साउंड चेकला मी पहिली मागणी करते ती माझ्या मॉनिटरमध्ये तानपुरा आणि पेटीची, बाकी काही नसलं तरी चालेल. एका कानात तानपुऱ्याचा इअरफोनही ठेवते. बासरीवाल्यांना वाद्य फुंकून गरम करून मग सूर जुळवायला सांगते.

कुठे गायचं

सुरुवात घरगुती बैठकीपासून करा. पंचवीस-तीस माणसं, माइक नाही, दीड तास. अर्ध्या तासाचा एक राग, मग आठ-नऊ गाणी, त्यांत तुमच्या स्वतःच्या दोनच. स्वतःच्या रचना सुरुवातीलाच नकोत. तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर श्रोता तुमच्या आवाजाला सरावलेला असतो, तेव्हा त्या घ्या. त्यानंतर गणेशोत्सव, कोजागरी, दिवाळी पहाट, आषाढीच्या आसपासच्या अभंगवाणी. सुगम संगीतासाठी आकाशवाणीची ध्वनिचाचणीही द्या. तिच्या तयारीनेच गाणी स्वच्छ होतात.

आयोजक मंडळाशी बोलताना मानधन, आगाऊ रक्कम, प्रवास, साउंडची यादी आणि वेळ हे पाचही मुद्दे लेखी घ्या, निदान व्हॉट्सॲपवर तरी. वेळेचं विशेष बघा: ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, फक्त ठरावीक दिवशी सरकार रात्री 12 पर्यंत सवलत देतं. संध्याकाळचा कार्यक्रम भाषणांमुळे तासभर उशिरा सुरू झाला तर तुमची शेवटची चार गाणी जातात. म्हणून कोणती गाणी गाळायची ते घरूनच ठरवून न्या, आणि कार्यक्रम संपवणारी भैरवी त्या यादीत कधीच नको.

परदेशातल्या मंडळांकडे घाईने जाऊ नका. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं भरतात. तिथला श्रोता जाणता आहे. दीड-दोन वर्षं इथे गाऊन एक एकसंध कार्यक्रम तयार झाला की त्याचं चांगलं रेकॉर्डिंग पाठवा.

रेकॉर्डिंग आणि हक्क

गाणं वीसेक वेळा लोकांसमोर गाऊन झाल्यावर स्टुडिओत जा. गायलेल्या गाण्याला वळण आलेलं असतं आणि तासावर पैसे भरताना ते वाचतात. संगीत संयोजकाला पेटीवर गायलेलं साधं रेकॉर्डिंग, स्वरलिपी आणि ठरवलेली लय द्या. अंतिम आवाज रेकॉर्ड करताना पूर्ण गाणं तीन-चार वेळा सलग गा, मग तुकडे. तुकड्या-तुकड्यांनीच गायलं तर सूर बरोबर येतात, पण श्वास जुळत नाहीत. आवाज सुरात खेचणारं सॉफ्टवेअर वापरायचं की नाही ते आधीच सांगा. मींड आणि आंदोलनं (स्वराचे सावकाश हेलकावे) त्यात सपाट होतात, मी स्पष्ट नाही म्हणते.

प्रसिद्ध करण्याआधी कवी, संयोजक, वादक यांच्याबरोबर एका पानाचा करार करा: कोणाचं काय, पैसे किती, नावं कशी छापायची. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सांभाळला आहे. वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून दुसऱ्या कुणाला तो कायमचा देऊन टाकता येत नाही. कुणी "सगळे हक्क आमचे" असा छापील कागद पुढे केला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची कॉपीराइट संस्था) सभासदत्व घ्या आणि प्रत्येक रचना तिथे नोंदवा.

यूट्यूबवर आणि गाण्यांच्या ॲपवर देताना नावांचं लेखन सगळीकडे एकसारखं ठेवा. एका ठिकाणी आडनाव, दुसरीकडे आद्याक्षर असं झालं की नोंदी जुळत नाहीत आणि पैसे अडकतात. गीत, संगीत, संयोजन, तबला, बासरी, ध्वनिमुद्रण, सगळ्यांची नावं वर्णनात लिहा. आणि मूळ चाल फोनवर पहिल्यांदा गुणगुणली होती ती फाइल तारखेसकट जपून ठेवा. माझ्या त्या भीमपलासच्या फाइलमध्ये मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि 'अजून' अजून पंचमावर आलेलं नाही.